पाहुणा गेल्यानंतरचे प्रश्न

लेखकांच्या आणि गोष्टी सांगणाऱ्यांच्या मुलाखती घेण्यात निवेदकांचा हात धरणारा कोणी नव्हता. याचं गुपित फक्त एकाच बाईला ठाऊक होतं. निवेदक आपले प्रश्न पाहुणा गेल्यानंतर विचारत.

पाहुण्यासमोरही विचारत, नाही असं नाही. पण तो प्रश्न गावभर वळसा घालून येई. 'तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं?' एवढं विचारायला निघालेले निवेदक वाटेत स्वतःच्या कॉलेजात डोकावत, वक्तृत्वाचं एखादं बक्षीस घेत, आत्याच्या घरी थोडं टेकत, आणि परत येईपर्यंत पाहुणा बिचारा नुसतं 'हो' म्हणून मोकळा होई. मग पाहुणा गेला, दारावरचा लाल दिवा पुन्हा लागला, की निवेदक रिकाम्या खुर्चीकडे बघून तोच प्रश्न मोजक्या शब्दांत, हलका श्वास सोडत विचारत. रेडिओवर तो ऐकून लोक म्हणत, "काय विचारतो हा माणूस!" निवेदकांनी आपले 'अरे वा'सुद्धा निरनिराळ्या मापांत ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. एक आश्चर्याचा, एक आदराचा, आणि एक पाहुणा फारच कंटाळवाणा निघाला तर लावायचा.

गुपित ठाऊक असलेली बाई म्हणजे जोडकाम करणारी. जुने प्रश्न काढायचे, नवे बसवायचे, मुलाखत कार्यक्रमाच्या मापाची करायची आणि नंतर तीच पॉडकास्ट म्हणून चढवायची, हे तिचं काम. सगळे तिला कात्री म्हणत आणि तीही त्या नावाला ओ देई.

अशात एकदा लेखिकाबाई आल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून झाल्यावर त्यांनी गोष्टींचं पहिलं पुस्तक काढलं होतं. हसतमुख बाई. खुर्चीत टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं, "हे आमच्या ताईला घरी ऐकू येईल ना?" निवेदक म्हणाले, "साऱ्या जगाला ऐकू येईल." बाई म्हणाल्या, "जगाचं राहू द्या हो. ताईचं सांगा."

मुलाखत झाली, बाई गेल्या, लाल दिवा लागला. निवेदक रिकाम्या खुर्चीसमोर बसले. लहानपणी गोष्टी रचता म्हणून घरात कोणी रागावलं का, असं त्यांनी बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, "छे हो, कोणी नाही. आई कामात, वडील फिरतीवर. मी आपली जिन्यात बसलेली असायचे." उत्तर झकास होतं, पण प्रश्न आता निवेदकांना पातळ वाटायला लागला. त्यांनी आवाज खाली आणला आणि खुर्चीला विचारलं, "या गोष्टी तुम्हाला मिळाल्या कोणाकडून?"

काचेपलीकडून कात्री म्हणाली, "साहेब, हे तुम्ही विचारलंच नव्हतं."

"भावार्थ तोच आहे."

"कोणाचा?"

"कात्रीने कापावं," निवेदक म्हणाले. "अर्थ काढू नये."

"बरं. ते मधलं बहिणीचं आहे बघा, बऱ्यापैकी लांब आहे. पण बाई बोलताहेत आणि वरून तुम्हीही बोलताय."

"मी कशाबद्दल बोलतोय?"

"आत्याबद्दल."

"मग काढून टाक सगळंच," निवेदक म्हणाले, आणि चष्मा पुसून घरी गेले.

कार्यक्रम लागला. कौतुकाचे फोन आले. तसाच आणखी एक आला. तोही कौतुकाचाच असणार म्हणून निवेदकांनी आवाजात आधीच थोडी नम्रता घालून ठेवली.

"मी बोलतेय, गोष्टींच्या पुस्तकवाली," लेखिकाबाई म्हणाल्या. "जरा विचारायचं होतं. हसू नका हं. त्या दिवशी मी ताईबद्दल काही बोलले होते का?"

निवेदकांची नम्रता जागच्या जागी वाळली.

"मला आपलं आठवतंय की मी भरभरून बोलले," बाई सांगत होत्या. "या गोष्टी सगळ्या तिच्याच ना! लहानपणी मी अंधाराला भ्यायचे, म्हणून जिन्यात बसवून ती मला सांगायची. मी फक्त उतरवून काढल्या. पुस्तकावर तुझं नाव घालू म्हटलं, तर म्हणाली, मला आता अक्षर दिसत नाही, नाव घेऊन काय करू? रेडिओवर सांग, तेवढं ऐकेन. म्हणून तर मी आले होते तुमच्याकडे. आणि रेडिओ लावला, तर मीच म्हणतेय, छे हो, कोणी नाही! आवाज तर माझाच. मी खरंच असं म्हणाले का हो?"

इथे उत्तर एका शब्दाचं होतं, आणि तो शब्द 'नाही' हा होता. पण निवेदकांची जीभ सवयीने गुळगुळीत जागी घसरली.

"म्हणजे… हो. मुलाखतीच्या ओघात होतं असं. मोठमोठ्यांचं होतं."



"असं होय," बाई म्हणाल्या. "आमच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. बोललेलं विसरायची, न बोललेलं आठवायचं. मग आम्हालाच विसरली. बरं झालं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. डॉक्टरांना दाखवते. आणि दुसऱ्या पुस्तकाचं आता राहू देते. माझी मलाच खात्री नाही, तर लिहायचं कशाच्या जोरावर?"

"आणि ताई?" निवेदकांनी घसा खाकरला. "ताई काय म्हणतात?"

"काही नाही. रेडिओ बंद केला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. तेव्हापासून 'औषध दे' आणि 'खिडकी लाव', एवढंच बोलते. माझी मी निस्तरेन हो. तुमचा वेळ घेतला, माफ करा."

आपण ज्याचं घर पेटवलं त्यानेच धुराबद्दल माफी मागावी, तसं निवेदकांना झालं. ते जेवायला बसले, पण घास तोंडात फिरत राहिला.

"काय हो?" बायको म्हणाली. "आमटीत मीठ घालायला विसरले, तरी तुम्ही गप्प?"

निवेदकांनी सगळं सांगितलं. एवढं काय त्यात, असं ती म्हणेल अशी त्यांना आशा होती. बायकोने शांतपणे आमटीत मीठ घातलं.

"घरी तरी दुसरं काय करता?" ती म्हणाली. "आपलं भांडण झालं की मी बोललेलं सगळं जसंच्या तसं ठेवता, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा प्रश्न तेवढा बदलून आणता. म्हणे, मी फक्त विचारलं, चहा घेशील का, तर तू अंगावर आलीस."

"पण मी खरंच तसंच विचारलं होतं!"

"बघा," बायको म्हणाली, आणि वाटी त्यांच्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी निवेदक कार्यालय उघडायच्या आधीच दारात उभे होते.

"बाईंचं कच्चं ध्वनिमुद्रण आहे का ग?"

"आहे की," कात्री म्हणाली. "मी लगेच पुसत नाही. माणसांना उशिरा सुचतं."

तिने लावलं. निवेदकांनी कानावर हेडफोन चढवले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपली मुलाखत न कापता ऐकली. लेखिकाबाई सांगत होत्या, "ताईचं सांगायचं म्हणजे…" तेवढ्यात एक गडगडाटी आवाज आला, "अरे वा! यावरून मला माझी आत्या आठवली." बाई थांबल्या. पुन्हा लागल्या, "तर ही ताई माझी…" आवाज म्हणाला, "आत्या म्हणजे कशी, तर साक्षात वटवृक्ष!" बाई हळूच, चिकाटीने, वर्गातल्या आगाऊ पोराला ओलांडून फळ्याकडे जावं तशा बोलत राहिल्या. आत्या काही हटेना. निवेदकांचे कान तापले. मुख्य म्हणजे त्यांना आठवलं, की त्या आत्याशी त्यांचं कधीच फारसं जमलं नव्हतं.

"यातलं बाईंचं काहीच कळत नाहीये," ते म्हणाले.

"दोन माइक होते. ही पट्टी त्यांची, ही तुमची." कात्रीने बटण दाबलं. "तुमची बंद केली की सगळं स्वच्छ ऐकू येतं."

खरंच आलं. निवेदकांनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "मला फक्त त्यांचीच पट्टी दे. माझी नको. उगाच गोंधळ होईल."

"आणि चूक कोणाची म्हणून सांगणार?"

"तांत्रिक."

"तांत्रिक म्हणजे मी," कात्री म्हणाली. तिने दोन्ही पट्ट्या लॅपटॉपवर घातल्या, लॅपटॉप त्यांच्या हातात दिला आणि बटण कुठलं ते दाखवलं.

लेखिकाबाईंनी दार उघडलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी ताई बसल्या होत्या. डोळ्यांवर जाड भिंगं, मान ताठ. कपाटावरचा रेडिओ अजून भिंतीकडे तोंड करून शिक्षा भोगत होता.

"ताई, रेडिओवरचे ते आलेत."

"खिडकी लाव," ताई म्हणाल्या.

निवेदकांनी वाटभर पाठ केलेलं सुरू केलं. "त्याचं असं झालं, काही अपरिहार्य तांत्रिक कारणांमुळे…"

"रेडिओवर तुमचा आवाज याहून बरा येतो," ताई म्हणाल्या. "काय झालं ते बोला की."

निवेदकांना पुढचं आठवेना. त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि दोन्ही पट्ट्या लावल्या. आधी खरा प्रश्न आला, वळसे घेत, दमत, 'कोणी रागावलं का' इथवर पोचला, आणि बाईंचं उत्तर आलं. लेखिकाबाईंचा हात तोंडावर गेला. "म्हणजे मला हे विचारलं होतं! ते नव्हतं विचारलं!"

"नव्हतं," निवेदक म्हणाले. "ते मी तुम्ही गेल्यावर विचारलं."

"गेल्यावर? कोणाला?"

"खुर्चीला."

ताईंनी मान वळवली. तेवढ्यात आत्या सुरू झाली. साक्षात वटवृक्ष. ताईंनी थोडं ऐकून घेतलं. "ही काय बोलतेय ते मला ऐकायचंय. हा कोण मधेमधे?"

"मी," निवेदक म्हणाले, आणि त्यांनी स्वतःची पट्टी बंद केली.

खोलीत लेखिकाबाईंचा आवाज एकटाच उरला. "…गोष्टी सगळ्या ताईच्या. मी फक्त शुद्धलेखन केलं. वरचा दिवा गेला की ती मला पायरीवर बसवायची आणि म्हणायची, अंधाराकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. मला ती दिसायची नाही. पण ऐकू यायची. आजही कुठे भीती वाटली, तर मी तिच्याच आवाजात स्वतःशी बोलते."

संपलं. ताईंनी भिंगं काढली आणि पदराने बराच वेळ पुसली. एकीकडची काच पुसून झाली, दुसरीकडची झाली, मग पुन्हा पहिली घेतली.

लेखिकाबाई मात्र ताईंकडे बघतच नव्हत्या. त्या निवेदकांकडे बघत होत्या. चिडून नव्हे, एखाद्या उदाहरणाचं उत्तर जुळत नसावं तसं.

"मग फोनवर मी विचारलं, तेव्हा तुम्ही हो म्हणालात ते?"

ही पट्टी बंद करायचं बटण कात्रीने दाखवलं नव्हतं. निवेदकांच्या मनात सवयीने दोन-तीन देखणी वाक्यं उभी राहिली. मघापेक्षा बरी होती ती. घरी जाऊन घासली असती तर आणखी चांगली झाली असती.

"भ्यालो," ते म्हणाले.

त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत याहून लहान वाक्य झालं नव्हतं. कोणी 'अरे वा' म्हटलं नाही.

"डॉक्टरांकडे जाऊन आले मी," लेखिकाबाई म्हणाल्या. "तपासण्या लिहून दिल्यात. रात्री आईचा चेहरा दिसायचा." एवढंच बोलून त्या चहा ठेवायला उठल्या.

निवेदकांना वाटलं, बाईंनी दोन शब्द सुनावले असते तर हलकं झालं असतं. पण बाई मास्तरीण होत्या. चूक दाखवून झाली की पुढचं ज्याचं त्याने करायचं.

"हे रेडिओवर लावा," ताई म्हणाल्या.

"लावतो. येत्या कार्यक्रमातच. फक्त बाईंचा भाग, स्वच्छ करून…"

"सगळं. तुमचे प्रश्न होते तसे. आणि खुर्चीला काय विचारलंत, तेही सांगा."

"आत्यासकट?"

"आत्यासकट. लोकांना कळू दे की हिला किती वेळा थांबवलंत."

निवेदकांनी मान हलवली. आपल्या श्रोत्यांचे चेहरे त्यांना एकेक करून दिसले. ते सगळे आत्याचंच ऐकत होते.

चहा आला. लेखिकाबाईंनी ताईंच्या हातात कप दिला, स्वतःचा घेतला, आणि जरा थांबून तिसरा निवेदकांपुढे ठेवला. ताईंनी घोट घेतला आणि बऱ्याच दिवसांनी बहिणीला उद्देशून औषध आणि खिडकी यांच्यापलीकडचं बोलल्या.

"तुझ्या पुस्तकातली ती पहारेकऱ्याची गोष्ट चुकलीय."

"कुठे चुकलीय?" लेखिकाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा कप बशीत वाजला.

"घर पडतं, नुसतं दार उभं राहतं, आणि तरी तो दार राखत बसतो, इथवर ठीक. मग शेवटी तू त्याला त्याच्या घरी कशाला पाठवलंस? तो जातच नाही."

"तू मला तसंच सांगितलं होतंस."

"तू झोपली होतीस. शेवट ऐकला कुठे?" ताईंनी कप खाली ठेवला. "एके दिवशी त्या दारावर आतून थाप पडते."

घर नाही, भिंती नाहीत, आत काही नाही, आणि आतून थाप. निवेदक खुर्चीत पुढे सरकले.

"कोण असतं?" ते म्हणाले.

"तुम्हाला म्हटलं ना," ताई म्हणाल्या, "मधे बोलायचं नाही."