तिसरा मारुती

मित्रांनो, मळवलीतल्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात टांगलेली मी एक जुनी पितळी घंटा आहे. माझ्या अंगावर इंग्रजीत ‘ओरायन’ असं कोरलेलं आहे. ओरायन हा ग्रीक पुराणातला शिकारी. ब्रिटिश आरमारानं हे नाव एका लढाऊ जहाजाला दिलं. ते जहाज मोडीत निघालं, की तेच नाव नव्या जहाजाला देत. मी ज्यावर वाजायचे, ते जहाजही असंच मोडीत निघालं. त्यावर राबलेले खलाशी कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. नाव तेवढं राहिलं.

भंगारातून फिरत फिरत मी मुंबईला आले. तिथून या बंगल्याच्या साहेबांनी मला विकत आणलं, राखणदाराला हाक मारायला.

पहिल्या राखणदाराचं नाव मारुती. गुडघे दुखायला लागले तसा तो गावी गेला आणि गेणू आला. साहेब त्यालाही मारुतीच म्हणू लागले. “नवं नाव कोण पाठ करणार?” असं पाहुण्यांना हसत सांगायचे. गेणू मान खाली घालून चहा द्यायचा. पुढे तोही गेला.

मग रतन आला, बायको सरूबाई आणि लेक रुपालीला घेऊन. त्यानं बाग फुलवली. गळकी कौलं स्वतः वर चढून बसवली. चिंच लावून मला लख्ख घासलं.

एका रविवारी पाहुणे जमले होते. साहेबांनी मला बडवलं. “मारुती, बर्फ आण!”

रतननं बर्फाचं भांडं टेबलावर ठेवलं. “साहेब, माझं नाव रतन हाय. तीन वर्सं झाली हितं येऊन.”

“अरे, देवाचं नाव आहे. वाईट काय त्यात?”

“वाईट न्हाई, पर माझं न्हाई. माझं नाव माझ्या आईनं ठिवलंय.”

साहेब हसले. आठवड्याच्या आत त्यांनी रतनला कामावरून काढलं आणि राहायची खोली रिकामी करायला लावली.

भांडी बांधता बांधता सरूबाई म्हणाली, “गप ऱ्हायला असता, तर पोरीची शाळा तरी सुटली नसती.” पत्र्याची पेटी उचलून रतन फाटकाबाहेर पडला.

चार दिवसांनी संदेश कामाला आला. साहेबांनी माझी दोरी ओढली. “मारुती!”

संदेश मागं वळून बघू लागला. मारुती कोण, हे त्याला कळेना.

“तुलाच,” साहेब म्हणाले.

“जी साहेब.”

मित्रांनो, मला जपा म्हणून मी हे सांगत नाही. तुमच्या घरी जो राबतो, त्याचं नाव एकदा त्यालाच विचारा. आणि विचारलंत, तर त्याच नावानं हाक मारा.