फिक्या चोचीची पिल्लं

सासऱ्यांनी पिल्लू डाव्या तळहातावर घेतलं, उजव्या हाताने त्याची चोच खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि मान हलवली.

"फिकी. डावीकडे."

सुनेने पिल्लू घेतलं, पण टोपलीत न ठेवता ती तशीच उभी राहिली. उजव्या टोपलीतली काळ्या चोचीची पिल्लं उद्या तळ्यावर सुटणार होती. डावीकडची करड्या बदकांच्या मिसळीची म्हणून जनावरांच्या डॉक्टरीणबाई आज सुई देऊन संपवणार होत्या. अंडी वरच्या पाणथळीतून आणली जात आणि तिथे या तळ्याची मूळची तळबदकं आणि उपरी करडी बदकं एकत्र नांदत. न निवडता पिल्लं सोडली तर करडी संकरातून तळबदकांची जातच गिळून टाकतील, ही पैदास केंद्राची पहिल्यापासूनची धास्ती. त्यासाठी माप एकच, काचेच्या कपाटातलं पेंढा भरलेलं तळबदक. त्याची चोच काळीभोर होती. शंका आली की सासरे त्याच्यासमोर पिल्लू धरून खात्री करून घेत. त्यांची बायको हयात असताना म्हणायची, माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलं नाहीत.

"काय गं, झोप झाली नाही का?"

"बाबा, पिल्लांच्या जनुक-तपासणीचा निकाल आलाय."

"मग? आपली उजवी टोपली अस्सल ना?"

सकाळपासून ती वाक्य जुळवत होती आणि दर वेळी ते अर्ध्यावर मोडत होतं. "मी कपाटातल्या बदकाच्या पायाचं कातडंही पाठवलं होतं. नमुन्यांची एक नळी रिकामी उरली होती, म्हणून."

"त्याचं काय तपासायचं?"

"तेच मिसळीचं निघालं. त्याचा बाप करडा होता."

थट्टा न कळलेला माणूस हसतो तसे सासरे हसले. मग म्हणाले, "ते अस्सल नाही, तर अस्सल कोण?"

तिने हातातलं पिल्लू किंचित पुढे केलं. "करडी इथे येण्याआधीची अंड्यांची टरफलं तळ्याच्या गाळात सापडली होती ना? त्यांच्याशी ही जुळतात. फिक्या चोचीची."

सासरे स्टुलावर बसले. ऊब देणाऱ्या दिव्याखाली दोन्ही टोपल्यांतून सारखाच चिवचिवाट चालला होता.

"आणि तळ्यावर इतकी वर्षं सोडली ती?"

"ती मिसळीची. पण त्यांना करडीही म्हणता येत नाही. करड्यांशी जोडी जमवत नाहीत, आपसातच जमवतात. तळ्याचं पाणी खारट झालंय, ते त्यांना सोसतं, आणि ही सोशिकता करड्यांकडूनच आलीय. अस्सल पिल्लं तिथे आता जगायची नाहीत. प्रयोगशाळेतल्या बाई म्हणतात, दोन प्रजातींतून तिसरीच उभी राहतेय."

"म्हणजे मी चांगलं केलं की वाईट?"

"मलाही कळत नाही, बाबा."

खरंच कळत नव्हतं. तिला त्यांचा राग येत होता, त्यांच्याबद्दल वाईटही वाटत होतं. आणि डोळ्यांदेखत नवी प्रजाती घडतेय याचा आनंदही होत होता, त्याची मात्र तिला लाज वाटत होती.

डॉक्टरीणबाई आल्या, बॅग टेबलावर ठेवून हातमोजे चढवू लागल्या. "डावीच ना?"

"आज काही नको," सासरे म्हणाले.

"मग उद्या येऊ?"

डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं, आणि तिने मानेनेच नको म्हटलं तेव्हा मोजे काढून त्या बाहेर जाऊन थांबल्या.

"फिक्या चोचीची पटकन माणसाळतात," सासरे खाली पाहत म्हणाले. "बोटाला बिलगून बसतात. मला तीच आवडायची."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलणार? भीती वाटायची, मायेपोटी भलतंच एखादं सोडून देईन आणि सगळं तळं नासवीन. म्हणून जरा जीव गुंतला, की मुद्दाम डावीकडे टाकायचो."

सुनेने हातातलं पिल्लू त्यांच्यापुढे धरलं. सासऱ्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.