मानसिंगची खारी टाकी

पुण्याच्या दुकानात केशरी मासा बघितला आणि मानसिंगचं डोकं फिरलं, असं माळेगावात सगळ्यांचं म्हणणं. उसातल्या माणसानं समुद्र पाळायचा म्हणजे काय! पण गडी हट्टाला पेटला. बारामतीत काचेची टाकी करून घेतली. पाकिटातलं समुद्राचं मीठ, खडकावरचं बोटभर मऊ प्रवाळ आणि तो मासा घरी आणला.

वडील दत्तोबा एवढंच म्हणाले, की ज्याला खालचं रान राखता येईना, तो मासा काय राखणार. ते मानसिंगला झोंबलं. खालच्या तुकड्यात पांढरं मीठ फुलायला लागलं होतं. वडील म्हणत, चर काढून पाणी बाहेर घालव. चरात उसाच्या दोन ओळी जातील म्हणून मानसिंग उलट पाटाचं पाणी वाढवून मीठ धुवायला बघत होता. आता निदान मासा तरी जगवून दाखवायचा होता.

उन्हाळ्यात टाकीतलं पाणी रोज खाली जाई. तो पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मीठ कालवून भर घाली. तरी प्रवाळ मिटलेलं, मासा कोपऱ्यात धापा टाकतोय. दुकानदार फोनवर म्हणाला, पाणी बदला. मानसिंगनं बदललं, चार दिवसांत पुन्हा तेच. बायको राजलक्ष्मीनं दृष्टसुद्धा काढली. कुठं चुकतंय तेच कळेना, आणि त्याला अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

एकदा काचेची कड पुसताना फडक्याला पांढरं लागलं. जिभेवर ठेवलं तर मीठ. तेव्हा कुठं उजेड पडला. पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं, आणि आपण रोज वर आणखी मीठ घालतोय!

मग पाणी एकदा बदलून तो रोज थोडं थोडं साधं पाणी घालू लागला. आठवड्याभरात प्रवाळ उमललं, मासा वर आला. मानसिंगला आनंद झाला आणि लगेच नवा घोळ पडला. टाकी साध्या पाण्यानं सुधारली, मग रान का सुधारत नाही? शेवटी मान खाली घालून त्यानं वडिलांनाच विचारलं.

दत्तोबा टाकीपाशी वाकले. माशाकडं बघत म्हणाले, "पाण्याला वाट न्हाय, म्हणून मीठ हितंच बसतं, रानातबी तसंच. टाकीला चर काढता येत न्हाय, मानसिंगा. रानाला येतो."

मानसिंगनं कुदळ उचलली. तो वडिलांच्या मागोमाग खालच्या तुकड्याकडं गेला, आणि कुठल्या दोन ओळी काढायच्या ते त्यानं विचारलं.