ह्यांना गाजावाजा आवडत नाही

आमच्या ह्यांना डोंगर फार आवडतात, पण खालून. "डोंगर पायथ्याशी बसूनच बघावा," हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते लग्नानंतरच्या आठवड्यात, महाबळेश्वरला. तिथले सगळे पॉइंट ह्यांनी पाठीनेच पाहिले. कठड्याकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "काढ फोटो." फोटोत माणूस रुबाबदार दिसतो. हात गार पडलाय आणि घामाने ओला झालाय, हे फोटोत येत नाही. माझ्या हातात तो हात होता म्हणून मला कळलं, की आपल्या नवऱ्याला उंचीची भीती वाटते. त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

नवऱ्याची भीती झाकायची म्हणजे आपली हौस गुंडाळून ठेवायची, हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. माझं माहेर वाईचं. परकर खोचून पांडवगडावर पळत जाणारी मी, लग्नानंतर सिंहगडाच्या पायथ्याशी पिशव्या सांभाळत दही खात बसले. रायगडाला रोपवेच्या रांगेपाशी जाऊन परतलो, कारण ह्यांना रांग आवडत नाही. वैष्णोदेवीला तर कटऱ्याच्या हॉटेलातूनच देवीला हात जोडले आणि अक्रोड घेऊन घरी आलो.

तर यंदा आम्ही तीन महिने मुलाकडे, जर्मनीत एर्लांगेनला आलो होतो. सत्यजित तिथे दवाखान्यातली मोठी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. पहिल्याच सकाळी त्याच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मला एक डोंगर दिसला. टोकावर सोनेरी क्रूस, खाली ढग.

"हे काय आहे रे?"

"त्सुगश्पिट्झ. जर्मनीतलं सगळ्यात उंच शिखर. वर जायला रोपवे आहे, आई. एका दिवसात जाऊन येता येतं."

"मला जायचंय," मी म्हटलं. इतकं सरळ मी आयुष्यात फार कमी वेळा काही मागितलं असेल. ह्यांनी चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "जाऊ की. नीट प्लॅन करून जाऊ."

तिथेच माशी शिंकली. नीट प्लॅन करणं हा आमच्या मुलाचा आजार आहे आणि जर्मनीत राहून तो बळावलाय. सत्यजितने लॅपटॉपवर तक्ता केला. हिरवं म्हणजे पक्कं, पिवळं म्हणजे बघू, लाल म्हणजे धोका. मग दर गुरुवारी जेवणानंतर आमची मीटिंग व्हायची आणि हे प्रत्येक मीटिंगला एखादा मुद्दा घेऊन यायचे. नाही म्हणायचं नाही, फक्त मुद्दा काढायचा. सरकारी टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस आहे, काम न नाकारता ते न होऊ देण्याची कला अंगात मुरलेली.

एका गुरुवारी मुद्दा निघाला माझ्या ब्लडप्रेशरचा. माझं प्रेशर ह्यांच्याहून चांगलं आहे, पण ते तक्त्यात लाल झालं. पुढच्या वेळी विरळ हवा. त्यापुढच्या वेळी ह्यांना शिखरावरचा वेबकॅम सापडला. मग काय, रोज संध्याकाळी आयपॅड घेऊन बसायचे आणि धुकं असलं की सगळ्यांना दाखवायचे. "बघा, नुसतं पांढरं. एवढं जाऊन दिसणार काय?" एके दिवशी आकाश निळंशार होतं, तर म्हणाले, कॅमेऱ्याचं काही खरं नसतं.

"आल्झो, म्हणजे बाबांचा पॉइंट व्हॅलिड आहे," सत्यजित म्हणायचा. "पुढच्या शनिवारी करू."

सून निशिगंधा हुशार आहे. ती भांडी लावता लावता माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. बोलायचं काय? सासऱ्यांना उंचीची भीती वाटते हे सुनेने ओळखलं होतं, हे सासूने ओळखलं होतं. ओळखलं नव्हतं ते फक्त पोटच्या पोराने.

होता होता ऑगस्टचा तिसरा आठवडा आला. सोमवारी आमचं विमान होतं, गणपतीला पुण्यात पोहोचायचं होतं. एकच शनिवार उरला होता आणि मंगळवारीच ह्यांनी गुडघा चोळायला घेतला. मला संताप आला. मनात म्हटलं, आता हा डोंगरही कॅलेंडरवरच बघून जायचं का? नाही. सरळ बोटाने तूप निघत नसेल तर बोट वाकडं करायलाच हवं.

इथे ह्यांची दुसरी बाजू सांगायला हवी. हे पुण्यात आमच्या भागातल्या 'सायंसाथ ज्येष्ठ नागरिक संघा'चे अध्यक्ष आहेत. सेक्रेटरी वासुदेवराव. वासुदेवरावांना सत्काराचं व्यसन आहे. कोणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, सत्कार. कोणी अमेरिकेहून परत आलं, सत्कार. कपाटात शाली घडी करून तयारच असतात, नारळ तेवढा ताजा आणतात. आणि आमच्या ह्यांना शाल दिसली की नकार देता येत नाही.

वासुदेवरावांना मी कळवलं असतं तर ह्यांना लगेच समजलं असतं. म्हणून मी त्यांच्या बायकोला, अहिल्याताईंना फोन केला. इकडचं तिकडचं बोलले, मोदकांच्या पिठाची चौकशी केली आणि शेवटी आवाज खाली आणून म्हटलं, "हे येत्या शनिवारी जर्मनीच्या सगळ्यात उंच शिखरावर जाणार आहेत. पण कोणाला सांगू नका हं. ह्यांना गाजावाजा आवडत नाही."

अहिल्याताईंना 'कोणाला सांगू नका' म्हणणं म्हणजे दवंडीवाल्याच्या हातात ढोल देणं. माझा चहा होईस्तोवर संघाच्या ग्रुपवर बातमी पोहोचली होती. 'आपले लाडके अध्यक्ष शिखर सर करणार.' खाली हार, नारळ, झेंडे, हात जोडलेली चित्रं. संध्याकाळी वासुदेवरावांचा व्हिडिओ कॉल आला. "अध्यक्ष, गणपतीत तुमचा सत्कार ठरलाय. शिखरावर संघाचा फलक धरलेला फोटो मात्र हवा. आणि अनुभवकथन करायचं, पाऊण तास."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. एका डोळ्यात शाल, एका डोळ्यात दरी. "अहो, कसलं शिखर," असं पुटपुटले खरे, पण छाती थोडी पुढे आलेली मी पाहिली. फोन ठेवल्यावर त्यांनी सत्यजितकडे रोखून बघितलं. "तू सांगितलंस?"

"मी? बाबा, मी तर त्या ग्रुपमध्ये पण नाही."

मी मेथी निवडत होते. मान वर केली नाही.

गुरुवारच्या मीटिंगला ह्यांनी शेवटचं अस्त्र काढलं. पंचांग. "शनिवारी अमावस्या आहे. शनी-अमावस्या. प्रवास वर्ज्य."

सत्यजितचा हात लाल रंगाकडे गेला. मी म्हटलं, "थांब. किती वाजेपर्यंत आहे?"

"साडेअकरा."

"ते पुण्यात. इथे घड्याळ साडेतीन तास मागे. म्हणजे इथे आठलाच संपते. आठला आपण कुठे असू रे?"

सत्यजितने तक्त्यात पाहिलं. "म्युनिकला गाडी बदलत असू."

"झालं तर. अमावस्या म्युनिकला उतरेल, आपण पुढे जाऊ."

"गेनाऊ, अगदी बरोबर," निशिगंधा म्हणाली आणि घाईने भांडी लावायला गेली. तिचे खांदे हलत होते. ह्यांनी पंचांग मिटलं आणि झोपायला जातो म्हणाले, पण जाताना जिन्याचा कठडा घट्ट धरून गेले. तेव्हा मात्र मला वाईट वाटलं. माणूस खरंच घाबरलेला होता, आणि त्याला डोंगराला जुंपणारी मी.

म्हणून मी नातीला पकडलं. अवनी नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. तिला विचारलं, "त्या डोंगरावर जायचा असा रस्ता आहे का, ज्यात खाली काही दिसतच नाही?"

तिने विचारही केला नाही, जर्मनमध्येच हो म्हणाली. "त्सानराडबान, आजी. इम टुनेल."

बोगद्यातून जाणारी दातेरी चाकांची रेल्वे, डोंगराच्या पोटातून थेट बर्फापर्यंत. शाळेच्या सहलीत बघून आली होती ती. मी सत्यजितला म्हटलं, "माझ्या प्रेशरचा विचार करता रोपवेने एकदम वर नको. रेल्वेने हळूहळू जाऊ." माझं प्रेशर तक्त्यात पुन्हा हिरवं झालं. एकदा तरी ते माझ्या कामी आलं.

शनिवारी पहाटे निघालो. निशिगंधाने दशम्या, लसणीची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी असं सगळं बांधून घेतलं होतं आणि संघाचा फलक ऑफिसात छापून आणला होता. गाडीत ह्यांनी शेजारच्या बाकावरच्या जर्मन आजोबांना न विचारताच चटणीची चव दिली. आजोबा लाल झाले, पाणी प्यायले आणि म्युनिकपर्यंत ह्यांच्याशी मान हलवून बोलत राहिले. अमावस्या कधी उतरली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

पायथ्याच्या गार्मिश गावाहून दातेरी रेल्वे सुटली. बोगदा सुरू होईपर्यंत ह्यांनी डोळे मिटून रामरक्षा म्हटली, आणि अंधार झाल्याबरोबर डोळे उघडून सगळ्यांना टेलिफोनच्या केबलसाठी बोगदे कसे खणायचे ते सांगितलं. अगदी खुलले होते. बाहेर पडलो तर समोर सपाट माळ, चहूकडे कडे, आणि मळकट का होईना, बर्फ. अवनीने पहिला गोळा आजोबांच्या पाठीत घातला. ह्यांनी फलक धरून फोटो काढून घेतला.

"झालं बुवा शिखर," ते म्हणाले. "आता दशम्या खाऊ."

"बाबा, हे शिखर नाही," सत्यजितने वर बोट दाखवलं. कड्याच्या टोकावर कॅलेंडरमधला तो सोनेरी ठिपका चमकत होता. "इथून वर छोटा रोपवे आहे. चारच मिनिटं. प्लॅनमध्ये आहे."

तारेला लटकलेली ती काचेची खोली हळूहळू वर चालली होती. ह्यांनी एकदा वर पाहिलं आणि माझा हात धरला. महाबळेश्वरचाच हात, तसाच गार, तसाच ओला. मुद्दा काढतील असं वाटलं. गुडघा, प्रेशर, ढग, काहीही. मी मनातल्या मनात पिशव्या सांभाळत खाली बसलेसुद्धा.

"सत्यजित," ते म्हणाले, "मला उंचीची भीती वाटते. लहानपणापासून."

चाळीशीचा मुलगा, त्याच्या तक्त्यात हा रकानाच नव्हता. "बाबा, मग आधी का नाही सांगितलं?"

"नाही सांगितलं." मग माझ्याकडे वळून, जरा दबकत म्हणाले, "तुला ठाऊक होतं ना?"

"महाबळेश्वरपासून."

मग त्यांनी माझ्या खांद्यावरची दशम्यांची पिशवी काढून घेतली, दुसऱ्या हातातली स्वेटरांची घेतली, निशिगंधाकडची पाण्याच्या बाटल्यांचीही घेतली, आणि सगळ्या गळ्यात अडकवून बाकावर बसले. "जा तुम्ही," म्हणाले. "मी इथे आहे. सावकाश ये, घाई नको."

"येते," मी म्हटलं.

त्या चार मिनिटांत मी एकदाही डोळे मिटले नाहीत. वर वारा इतका होता की पदर सांभाळावा की चष्मा ते कळेना. अवनी मला एकेका दिशेचा देश सांगत होती, मला काही कळत नव्हतं, मी नुसती हसत होते. चारी बाजूंना डोंगरच डोंगर होते आणि त्यातला एकही माझ्याहून उंच नव्हता. खाली वाकून पाहिलं, तर बर्फाच्या कडेला एक काळा ठिपका पिशव्यांसकट बसलेला दिसला. मी हात हलवला. ठिपक्याने वर बघितलं नाही, पण हात हलवला.

खाली येताना फोनला रेंज आली आणि मेसेज टणटणले. पहिलाच अहिल्याताईंचा होता. 'मनोरमाबाई, अभिनंदन. भाऊजींचा आत्ताच आमच्या ह्यांना फोन आला होता. शिखर तुम्ही सर केलंत म्हणे, ते पायथ्याशी बसलेत. शाल तुम्हालाच द्यायची आणि पाऊण तास तुम्हीच बोलायचं, असं सांगितलंय. पण तुम्हाला कळू देऊ नका म्हणाले. तिला गाजावाजा आवडत नाही म्हणे.'

मी दोनदा वाचलं. शेवटचं वाक्य माझंच होतं. म्हणजे बातमी कोणी फोडली ते ह्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असून बोगद्यातून इथवर आले होते. बाकाजवळ पोहोचले तर हे दशमीचा तुकडा मोडत होते.

"कसं होतं वर?" त्यांनी विचारलं.

"खालून दिसतं त्याहून चांगलं."

"ते सत्कारात सांग," ते म्हणाले आणि चटणीचा डबा पुढे केला. मी पिशव्यांना हात लावला, तर त्यांनी दिल्या नाहीत. एर्लांगेन येईपर्यंत त्या त्यांच्याच गळ्यात होत्या.