नेस्टाच्या चष्म्याने पाहिलेली शिक्षा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. माझी चौकट तपकिरी आहे. उजवी दांडी शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली आहे, आणि डाव्या काचेच्या कोपऱ्यात एक ओरखडा आहे. माझी मालकीण नेस्टा, तिचा दीर हेफिन एकदा न बघता माझ्यावर बसला, तेव्हाचा तो.

माझा जन्म वेल्समधल्या एका बाजारगावात, चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. तिथे एक यंत्र दिवसभर काच घासत असे आणि खालच्या तसराळ्यातले पाणी दुधासारखे पांढरे होत असे. नेस्टा प्रोसरला दूरचेही धूसर दिसायचे आणि जवळचेही. म्हणून माझ्या काचांचा वरचा भाग लांबचे पाहण्यासाठी घासला गेला, आणि खाली अर्ध्या चंद्रासारखा तुकडा जवळचे पाहण्यासाठी बसवला गेला. माझ्यातून तिने पहिल्यांदा आपल्या नवऱ्याकडे, एम्लिनकडे, पाहिले आणि म्हणाली, "अरे देवा! तुझ्या कानांत केवढे केस आहेत! इतकी वर्षं कोणी सांगितलं कसं नाही?"

"सांगायला दिसायला हवं ना," एम्लिन म्हणाला. "दुकानदाराला म्हणावं, परत घे."

तिने मला परत दिले नाही. त्यांच्या केव्हन ओनेन या डोंगरावरच्या शेतावर मी पुष्कळ काम केले. धुक्यातली मेंढी दाखवली, कोकराच्या कानातल्या बिल्ल्यावरचा आकडा दाखवला, सुईचे नेढे दाखवले, चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, गाण्याच्या पुस्तकातल्या बारीक ओळी दाखवल्या. "नेस्टाच्या चष्म्यातून काही सुटत नाही," असे लोक म्हणायचे, तेव्हा मला फार बरे वाटायचे.

मग एम्लिनची मूत्रपिंडे निकामी झाली. त्याचे रक्त आठवड्यातून तीनदा, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, यंत्रातून गाळून परत शरीरात सोडावे लागे. ते इस्पितळ लांब, समुद्रकाठच्या शहरात होते. जाणारी बस होती, पण संध्याकाळी परत येणारी नव्हती. शेत विकून दोघे खाली गावातल्या लहानशा घरात आले. केव्हन ओनेनचे सुट्टीत राहायचे भाड्याचे घर झाले. नेस्टाने नवा पत्ता सगळ्यांना कळवला: डॉक्टरला, बँकेला, चॅपलला, अंडी आणणाऱ्या बाईला. आपले लायसन्सही तिने बदलून घेतले. आणि आठवड्यातून तीनदा ती गाडी काढू लागली.

येताना एम्लिनचा चेहरा राखेसारखा झालेला असे. पायांत गोळे येत. कधी तो मान टाकून झोपून जाई. वाटेत पुलाचे एक गाव आहे. तिथे ताशी तीस मैलांची पाटी काढून वीसची नवी पाटी लावली होती. मला ती पाटी दर वेळी स्पष्ट दिसत असे. पण मित्रांनो, भिंगाचे काम प्रकाश डोळ्यापर्यंत नेणे, एवढेच. डोळा कुठे वळतो ते भिंगाच्या हातात नसते. नेस्टाचा डोळा शेजारच्या सीटवर, घोंगडीखालच्या माणसाकडे वळलेला असे.

मार्च महिन्यातली गोष्ट. त्या मंगळवारी नेस्टा स्वयंपाकघरात पीठ मळत होती. गाडीचा विमा संपत आला होता, म्हणून तिने विम्याच्या ऑफिसला फोन लावून टेबलावर ठेवला होता. पलीकडून एक तरुण मुलगी प्रश्न विचारत होती. लायसन्सचा नंबर घेतल्यावर तिने तो दोनदा वाचून खात्री करून घेतली.

"प्रोसर बाई, तुम्ही बसलेल्या आहात ना?"

"पीठ मळतेय. का गं?"

"तुम्हाला गाडी चालवायला बंदी आहे, बाई. सहा महिने. गेल्या महिन्यात कोर्टाने घातलीय."

"कोणाला?"

"तुम्हाला."

"दुसरी कोणी असेल. आमच्या चॅपलमध्येच दोन नेस्टा प्रोसर आहेत."

"जन्मतारीख तुमचीच आहे, बाई."

नेस्टाचे हात पिठात तसेच राहिले. मी घसरत तिच्या नाकाच्या टोकावर आलो. एरवी ती मला मनगटाने वर सारायची. या वेळी तिने सारले नाही. समोरचे टेबल, परात, फोन सगळे मला वाकडे दिसू लागले.

"मी काल त्याला इस्पितळात नेलं," ती म्हणाली. "गाडी चालवत."

"मग आता नेऊ नका हं," मुलगी हळूच म्हणाली. "विमाही आम्हाला देता येणार नाही."

एम्लिन खुर्चीतून उठून आला. "अगं, मारलंस तरी कोणाला?"

"गप्प बस रे. शिक्षा झालीय मला. शिक्षा! कोर्टात उभं केलं नाही, विचारलं नाही, आणि मी इथे पाव भाजत बसलेय!"

तिने पिठाच्याच हातांनी कोर्टाचा नंबर फिरवला. तिथल्या सावकाश बोलणाऱ्या माणसाने सगळे सांगितले. पुलाच्या गावातल्या कॅमेऱ्याने तिची गाडी दोनदा टिपली होती, दोन्ही वेळा वीसच्या हद्दीत सव्वीसने. दोन्ही वेळा गाडीच्या मालकिणीला पत्राने विचारले होते की चालवत कोण होते. उत्तर आले नाही. उत्तर न देणे हा त्या देशात वेगाहून मोठा गुन्हा आहे. त्याचे सहा-सहा दंडाचे पॉइंट लायसन्सवर पडले, बारा झाले, आणि बारा झाले की बंदी. एका न्यायाधीशाने कागद पाहून निकाल दिला होता.

"पत्रं पाठवली कुठे?" नेस्टाने विचारले.

"केव्हन ओनेन."

"तिथून निघून आम्हाला दोन वर्षं झाली!"

"गाडीच्या नोंदणीत अजून तोच पत्ता आहे, बाई. लायसन्स वेगळं, नोंदणी वेगळी. एक बदललं म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही." मग तो म्हणाला, "तुम्हाला खटला खरोखरच माहीत नसेल तर कोर्टात येऊन प्रतिज्ञापत्र करा. कळल्यापासून एकवीस दिवसांच्या आत. मग झालेली शिक्षा रद्द होते आणि खटला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पण त्यात खोटं लिहिलंत, तर तो वेगळा गुन्हा. तुरुंगही होऊ शकतो."

फोन ठेवल्यावर नेस्टाने एम्लिनकडे पाहिले. एम्लिनने तिच्याकडे.

"गाडीचे कागद तू बघतोस," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून तूच बघतोस."

"आपण घर बदललं तेव्हा मी इस्पितळात होतो. मला वाटलं, तू सगळे पत्ते बदलतेयस, तर तोही बदलला असशील."

"मला वाटलं, तू."

मित्रांनो, माझ्या दोन भागांच्या मध्ये एक बारीक रेघ आहे. एखादी वस्तू नेमकी त्या रेघेवर आली तर ती वरच्या भागालाही नीट दिसत नाही आणि खालच्यालाही. तिथे तिची एक उडी होते आणि तिचा थोडा भाग नाहीसाच होतो. त्या दोघांच्या संसारात गाडीचा तो कागद बरोबर रेघेवर पडला होता.

केव्हन ओनेनची साफसफाई करणारी मेन्ना दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन आली. "तपकिरी पाकिटं यायची गं, नेस्टामावशी. मी शेगडीशेजारच्या टोपलीत ठेवायची, तुला आणून देईन म्हणून. आणि ते शहरातले पाहुणे! त्यांना वाटायचं, टोपली शेगडी पेटवायसाठीच ठेवलीय."

"म्हणजे माझ्या खटल्यावर कोणीतरी पाय शेकले," नेस्टा म्हणाली. पण ती हसली नाही.

तिने किल्ल्या खिळ्याला अडकवल्या. मला काढून खिडकीच्या कठड्यावर काच खाली करून टाकले. मी तिथेच पडून राहिलो. धूळ साचली. एक कोळी दांडीपासून काचेपर्यंत धागा ओढून गेला. ती माझ्याशिवाय घरात चाचपडत फिरे, मिठाऐवजी साखर टाके, आणि मधेच उभी राहून म्हणे, "पण मला कोणी विचारलं कसं नाही?"

एम्लिनला न्यायला हेफिन येऊ लागला. पण तो मेंढ्या विण्याचा हंगाम होता. त्या खोऱ्यातला प्रत्येक गाडीवाला गोठ्यात बसलेला असे. हेफिनच्या अंगाला मेंढ्यांचा वास येई आणि डोळे लाल असत. एकदा उशीर झाला आणि एम्लिनला यंत्रावर कमी वेळ मिळाला. त्या संध्याकाळी त्याला धाप लागली, घोटे सुजले. इस्पितळाच्या गाडीसाठी नाव नोंदवले होते, पण ईस्टरनंतर बघू, असे उत्तर आले. सहा महिने असे निघणार नव्हते, हे तिघांनाही कळत होते.

"वहिनी, मी एक सांगू का?" हेफिन कढण पिता पिता म्हणाला. "कोर्टात म्हण, गाडी दादा चालवत होता. त्याचं लायसन्स नुसतं पाकिटात पडलंय. ते पॉइंट त्याच्या नावावर जाऊ देत. तुझं लायसन्स कोरं राहील."

"मी तयार आहे," एम्लिन म्हणाला. "मला काय फरक पडतो? मी आता चालवतो थोडाच!"

"तू घोरत होतास."

"तर काय झालं?"

"घोरणारा माणूस सव्वीसने गाडी चालवत होता, असं सांगू मी न्यायाधीशांना?"

"अगं, चेष्टा करू नकोस. तुझ्यावर पुन्हा बंदी आली तर मला नेणार कोण? हा? दोन बाळंतपणांच्या मधे?"

"मेंढ्यांना काही बोलायचं नाही, दादा," हेफिन म्हणाला.

नेस्टाने हेफिनचे रिकामे वाडगे उचलले. "प्रामाणिकपणे जाहीर करते, असं प्रतिज्ञापत्रात वर लिहायचं आणि खाली खोटं सांगायचं, हे मला जमणार नाही," ती म्हणाली. तिला वकील नव्हता. गाडी मीच चालवत होते असे सांगितले तर काय होईल, हे तिला ठाऊक नव्हते. बंदी पुन्हा बसेल, असेच तिला वाटत होते.

मुदत संपायच्या आत तारीख मिळाली. त्या सकाळी तिने मला उचलले, कोळ्याचा धागा काढला, कोमट पाण्याने धुतले.

बाहेर गारठा होता आणि कोर्टाच्या खोलीत हीटर लावलेला होता. थंड काच उबदार, दमट हवेत आली की तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब बसतात. मी एका क्षणात पांढरा झालो. समोर तीन न्यायाधीश बसले होते, तेही दिसेनासे झाले. नेस्टाने मला स्कार्फने पुसले. मग तिने माझ्या खालच्या भागातून वाचायला सुरुवात केली.

"मी, नेस्टा प्रोसर, गांभीर्याने आणि प्रामाणिकपणे जाहीर करते की माझ्यावर खटला चालू आहे हे मला माहीत नव्हते..."

माहीत कधी आणि कसे झाले, तेही तिने वाचले. विम्याच्या ऑफिसचा फोन. मंगळवार. मग सही केली. मधल्या न्यायाधीश बाई म्हणाल्या, "दोन्ही शिक्षा रद्द. बंदीही उठली. आता असं समजा की त्या झाल्याच नव्हत्या."

नेस्टा तशीच उभी राहिली. शिक्षा झाली तेव्हा तिला कळले नव्हते. आता गेली, तरी तिला ते खरे वाटेना.

"प्रोसर बाई, उभ्याच राहा," खाली बसलेल्या, न्यायाधीशांना कायदा समजावून सांगणाऱ्या बाई म्हणाल्या. "आता आरोप पुन्हा वाचायचे आहेत. दोन्ही दिवशी गाडी कोण चालवत होतं?"

मागच्या बाकावर एम्लिन खोकला. नेस्टाने मागे वळून पाहिले. माझ्या वरच्या भागातून मला तो स्वच्छ दिसला. सुजलेले पाय, मांडीवर टोपी, आणि डोळ्यांत विनवणी. माझे नाव सांग, असे ते डोळे म्हणत होते. तिला तो दर आठवड्याला तीनदा जिवंत परत आणायचा होता, आणि त्याचाच जीव ती पणाला लावत होती.

ती पुढे वळली. "मीच," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मीच. पाटी होती. माझं लक्ष नवऱ्याकडे होतं. लक्ष नव्हतं ही माझी चूक."

सरकारी वकील वाकून कायद्याच्या बाईंशी काही बोलला. मग तो उभा राहिला. आरोपीने चालक कोण ते आता सांगितले आहे आणि वेगाचा गुन्हाही कबूल केला आहे, तेव्हा उत्तर न दिल्याचे दोन्ही आरोप आपण मागे घेतो, असे तो म्हणाला. वेगाचे तीन आणि तीन, सहा पॉइंट पडले. थोडा दंड झाला. बंदी नाही.

"म्हणजे?" नेस्टाने विचारले.

"म्हणजे तुम्ही गाडी चालवू शकता," न्यायाधीश बाई म्हणाल्या. "सावकाश."

बाहेर पायरीवर आल्यावर नेस्टाला रडू फुटले. मी भिजून गेलो. एम्लिन तिच्या शेजारी टेकला. "मी तर समजलो, संपलं," तो म्हणाला. "तू 'मीच' म्हणालीस ना, तेव्हा माझं काळीज थांबलं होतं."

"मूत्रपिंडं गेली तेवढी बस झाली," नेस्टा म्हणाली. "काळीज राहू दे." तिने डोळे पुसले, मग मला पुसले. मेंढ्यांकडे परत जायच्या घाईत असलेल्या हेफिनने दोघांना घरी सोडले; तिथून तिने विम्यासाठी फोन लावला, आणि ते काम होईपर्यंत गाडीला हात लावला नाही. त्याच दुपारी तिने गाडी काढली आणि एम्लिन वेळेवर यंत्राला जोडला गेला. त्याच्या खाटेशेजारी बसून दोघांनी गाडीच्या नोंदणीचा पत्ता बदलला. एकाने वाचले, दुसरीने लिहिले. मी दोघांच्या मधे होतो.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालणार नाही. पण जोवर आहे तोवर एवढे ऐका. चष्मा काच खाली करून ठेवू नका. बाहीने पुसू नका, पाण्याने धुवा आणि मऊ फडक्याने टिपा. आणि घर बदललेत, तर ज्यांच्याबरोबर राहता त्यांना एकेका कागदाचे नाव घेऊन मोठ्याने विचारा की हा पत्ता बदलला का. उत्तर "बदलला असेल" असे आले, तर तो बदललेला नाही असे समजा, आणि त्याच दिवशी उठून बदला.