शुक्रवारचा गंबो

पैज मी लावली होती, तेव्हा दोष द्यायचा तर मलाच. तोंडाची फटकळ आहे मी, लहानपणापासून. मनात आलं की ओठावर आलंच. पण ज्याच्या गळ्याचं दुखणं होतं त्याच्यापुढे तरी जीभ आवरायला हवी होती, एवढी अक्कल त्या ऑक्टोबरात मला नव्हती.

माझा नवरा ओनेझीम. साखर कारखान्यात रस आटवण्यात त्याची सगळी हयात गेली आणि उरलेला वेळ चुलीपाशी. मार्चमध्ये त्याच्या घशात कॅन्सर निघाला. रेडिएशनचे पस्तीस शेक दिले गळ्याला. जुलैत डॉक्टर म्हणाले, आजार गेला. गेला खरा, पण जाताना जिभेची चव आणि तोंडातली लाळ दोन्ही घेऊन गेला. पोटात नळी बसवली होती, तिच्यातून दिवसातून चार वेळा मी त्याला दुधासारखं काहीतरी भरवायची. भरवायची कसलं, जाडजूड सिरिंजनं आत ढकलायची. तसल्याच सिरिंजनं हा माणूस दर सणाला टर्की पक्ष्याच्या छातीत लोणी आणि लसणाचा रस टोचायचा. पहिल्या दिवशी माझ्या हातात ती बघून तो म्हणाला, "यंदाची टर्की मीच म्हणायची." मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले.

गिळायला शिकवणारी एक बाई होती. तिनं बजावलं होतं की रोज काहीतरी गिळायचंच. पाण्यासारखं पातळ नको, ते चुकीच्या वाटेनं उतरतं. लापशीसारखं दाटसर घ्यायचं. गळा वापरला नाही तर तो तसाच आखडून बसेल, आणि मग नळी जन्माची. ऑगस्टभर ओनेझीमनं इमानदारीनं केलं. सप्टेंबरात एकदा रताळ्याच्या घासानं ठसका लागला आणि माणूस माझ्या डोळ्यांदेखत निळा पडला. त्या दिवशी त्यानं चमचा खाली ठेवला तो ठेवलाच. मी विनवण्या केल्या, भांडले, दोन दिवस अबोला धरला. शेवटी म्हणाला, "जगतोय ना नळीनं? मग जगू दे."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीचा एक घास गिळून दाखव. नाही जमलं तर या जन्मात पुन्हा तुझ्यापुढे चमचा करणार नाही."

"लागली," तो म्हणाला. इतक्या चटकन म्हणाला की मला वाटलं, याला हरायचंच आहे.

मग मी हात धुऊन त्या टर्कीच्या मागे लागले. एका प्रकारानं नाही तर दुसऱ्या प्रकारानं, पण घास उतरलाच पाहिजे. म्हणून ठरवलं की यंदा तीन पक्षी करायचे, तीन तऱ्हेचे.

तळायचं काम ओनेझीमचा धाकटा भाऊ डुप्रे याच्याकडे दिलं. आमच्याकडे टर्की अंगणात तळतात, मोठ्या पातेल्यात शेंगदाण्याच्या तेलात. पक्षी आधी पुसून असा कोरडा करायचा की पाण्याचा थेंब राहता कामा नये, नाहीतर तेल भडकून घर पेटतं. दरवर्षी ते ओनेझीम करायचा. मसालाही त्याचाच, लोणी, लसूण, कांद्याचा रस आणि झणझणीत लाल मिरची. भट्टीतली टर्की माझ्या बहिणीची, ल्युसिलची. ती कातडीखाली लोणी आणि सेजची सुगंधी पानं भरते, पोटात मक्याचा पाव आणि कालवांचं सारण घालते, आणि चार तास भट्टीपुढे बसून पक्ष्याला त्याचाच रस पाजते. तिसरी मी घेतली. पेकनच्या लाकडाची धुरी देऊन दहा तास मंद शिजवायची, म्हणजे मांस हाडापासून आपण होऊन सुटतं. मला वाटलं, इतकं मऊ मांस तर तान्हं मूलही गिळेल.

बुधवारी डुप्रे सिरिंज घेऊन ओसरीवर गेला. "दादा, चव तर नाही कळायची तुला, पण वास बघ ना. लसूण पुरे झाला का?" ओनेझीमनं मान वर केली नाही. उसाच्या गाड्या जात होत्या रस्त्यानं, त्यांच्याकडे बघत त्यानं नुसता हात हलवला. डुप्रे आत आला तो तोंड एवढंसं करून. पंचावन्न वर्षांचा बाप्या, पण भावानं विचारलं नाही की त्याचं अजून तसंच होतं.

सणाच्या गुरुवारी आम्हा दोघांखेरीज अकरा माणसं टेबलाला बसली. आणि इथे मी घोडचूक केली होती. पैज सगळ्यांना सांगून ठेवली होती. मला वाटलं होतं, सगळे बघताहेत म्हटल्यावर त्याला हुरूप येईल. बायकोला नवरा कळतो असं म्हणतात, मला काय कळला होता कपाळ.

सगळ्यांनी एकेक करून आभार मानले, कुणी देवाचे, कुणी डॉक्टरांचे. मग मी धुरीच्या टर्कीचं मांडीचं मांस सुटं सुटं केलं, रश्शात भिजवलं आणि ताटली त्याच्यापुढे ठेवली. टेबलावरचे सगळे काटे थांबले. ओनेझीमनं घास तोंडात घेतला आणि चावू लागला. चावतोय, चावतोय. लाळच नाही तर मांसाचा चोथा होतो, भुसा चावल्यासारखा. गिळायला गेला आणि ठसका लागला. डुप्रे उठून पाठीवर थापट्या मारू लागला. कसाबसा श्वास आला. मला वाटलं आता पुरे, पण त्यानंच डुप्रेच्या टर्कीकडे बोट केलं. ती तर तोंडातच फिरत राहिली. मग ल्युसिलची, लोण्यात भिजलेली, तीही रुमालात काढली त्यानं. अकरा माणसं ताटाकडे बघण्याचं नाटक करत होती.

त्यानं रुमालाची नीट घडी घातली, उठला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मी हरलो, ऑरेलिया. आता शब्द पाळ."

आणि ओसरीवर जाऊन बसला. ल्युसिल रडायला लागली, तर मी तिच्यावरच खेकसले की सारण गार होतंय, खा. आजारानं केलं नसेल ते मी केलं होतं. त्याला त्याच्याच माणसांत उघडं पाडलं होतं.

आमच्याकडे टर्कीचा सण गुरुवारी संपत नाही. शुक्रवारी उरलेल्या हाडांचा गंबो, म्हणजे भातावर घ्यायचा दाट रस्सा, होतो आणि तीच माणसं परत जेवायला येतात. यंदा नको म्हणून कळवावं असं मनात आलं होतं. पण तीन टर्क्यांचे सांगाडे टाकून द्यायला माझा हात होईना. सकाळी तिन्ही एकाच पातेल्यात घातले, तळलेला, धुरीचा आणि भट्टीतला, आणि पाणी चढवलं.

पण गंबोचा जीव हाडांत नसतो, भाजलेल्या पिठात असतो. तेलात पीठ घालायचं आणि मंद आचेवर पाऊण तास ढवळत राहायचं, हात थांबवायचा नाही, काकवीसारखा रंग येईपर्यंत. थांबलात की करपलं, आणि करपलेलं पीठ कशानं सुधारत नाही. संसाराच्या चाळीस वर्षांत ते काम ओनेझीमनं मला एकदाही करू दिलं नव्हतं. तुझं लक्ष बोलण्यात असतं, म्हणायचा.

त्या दिवशी बोलायला कुणी नव्हतं, तरी लक्ष नव्हतंच. चुलीसमोरच्या खिडकीतून ओसरी दिसते. त्याची पाठ दिसत होती, मान खाली घातलेली. सदरा दोन मापं मोठा झालेला. मी बघत राहिले आणि हात कधी थांबला कळलंच नाही. खाली बघितलं तर पिठात काळे ठिपके.

चव गेली होती, पण नाक शाबूत होतं त्याचं. दार वाजलं आणि तो आत आला. माझ्या हातातला लाकडी चमचा काढून घेतला, आच बंद केली, तवा बाहेर नेऊन राखेत उलटा केला. परत येऊन तो घासला, पुसला, नवं तेल ओतलं.

"पीठ," तो म्हणाला.

मी दिलं. पाऊण तास तो ढवळत उभा राहिला. मधे एकदा त्याचे पाय थरथरताना दिसले म्हणून मी खुर्ची ओढली, तर अशा नजरेनं बघितलं की मी ती परत जागेवर नेली. पिठाला रंग आला, त्यानं कांदा, सेलेरी आणि ढोबळी मिरची घातली, सगळं घर त्या वासानं भरलं. मग हाडांचं पाणी, सुटं केलेलं मांस, सॉसेज. पुढचे दोन तास तो चुलीपासून हलला नाही. मी मीठ घातलं, चाखलं, बरोबर होतं.

रस्सा आळून दाट झाला तेव्हा त्यानं चमचाभर उचलला. फुंकर मारली. आणि तोंडात घातला.

त्यात त्याचा काही विचार नव्हता हो. कुठलाही रांधणारा करतो तेच त्यानं केलं, चाळीस वर्षं करत आला तेच. त्याच्या गळ्याची गाठ वर गेली, तिथेच थांबली, आणि हळूच खाली आली. खाकरला एकदा. ठसका नाही लागला.

मी ओरडणारच होते, पण जन्मात पहिल्यांदा जीभ दातांखाली धरली.

"मीठ कमी आहे," ओनेझीम म्हणाला.

मीठ कमी नव्हतं. मी पुन्हा चाखून बघितलं, अगदी बेताचं होतं. मग कळलं की त्याच्या जिभेला मीठ सापडतच नाहीये. तसं सांगितलं असतं तर त्यानं चमचा ठेवला असता. आणि खरंच मीठ घातलं असतं तर अकरा माणसांच्या तोंडचा गंबो खारट झाला असता. मी बरणीत हात घातला, रिकामी मूठ बाहेर काढली आणि पातेल्यावर झटकली.

"बघ आता," मी म्हटलं.

त्यानं चाखलं. गळा हलला. "अजून थोडं."

मी पुन्हा मूठ झटकली. पुन्हा चमचा, पुन्हा गळा. चौथ्या वेळी जरा अडकलं, त्यानं बाईनं शिकवल्याप्रमाणे हनुवटी छातीला लावली आणि उतरवलं. मी मनात मोजत होते. पाच. सहा. सात.

आठव्यांदा मी हात बरणीतून काढला, तेव्हा त्यानं मनगट धरलं आणि माझी बोटं एकेक करून उघडली. तळहाताला मिठाचा एक कणही लागलेला नव्हता. मला वाटलं, संपलं आता. खोटं पकडलं गेलं की हा माणूस आठवडाभर बोलत नाही.

"दुसऱ्या वेळेलाच कळलं होतं मला," तो म्हणाला.

"मग खात का राहिलास?"

"तू गप्प होतीस. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, किती वेळ टिकतं बघू."

मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. सदऱ्याला भाजलेल्या पिठाचा वास येत होता, जुन्या ओनेझीमचा. तेवढ्यात बाहेर डुप्रेची गाडी थांबली, पाठोपाठ ल्युसिलचा आवाज आला. त्यानं मला दूर केलं आणि हळूच म्हणाला, "यांना सांगू नकोस. जेवू दे मला सुखानं."

सगळे बसले. तो टेबलाला आला नाही. वाढायचं निमित्त करून चुलीपाशी उभा राहिला, सगळ्यांकडे पाठ करून, आणि मधूनमधून चमचा उचलत राहिला. डुप्रे म्हणाला, गंबो दादाच्या हातचा झालाय. ल्युसिल माझ्याकडे बघून डोळे पुसत म्हणाली, ताई, तुझी पैज मात्र वाया गेली. सगळं जिभेवर आलं होतं माझ्या. मी तिच्या वाडग्यात आणखी भात वाढला आणि काही बोलले नाही.