टोमॅटोच्या बिया

मी दुर्बिणीच्या तपासणीची नर्स. तिथे मला सगळे हवालदार म्हणतात, आधी पाठीमागे म्हणायचे, हल्ली तोंडावर. आतड्यात दुर्बीण घालायची तर पोट आधी पार धुऊन निघालेलं लागतं. आदल्या दिवशी अन्न बंद, आणि संध्याकाळपासून ते खारट, बुळबुळीत औषधाचं पाणी संपेपर्यंत प्यायचं. पेशंटच्या घरच्यांना हे समजावताना मी कुणाची गय करत नाही. "वडील मागतील, तोंड एवढंसं करतील, देऊ नका," हे माझं ठरलेलं वाक्य.

आणि माझ्या वडिलांनी मागितलं तेव्हा मी दिलं.

बाबांच्या शौचात रक्त सापडलं होतं, म्हणून ही तपासणी. औषध पिता पिता ते मध्येच थांबले. "एक टोमॅटो दे गं, मीठ लावून. तोंडातली ही घाण चव तरी जाईल." मी नाही म्हटलं. त्यांनी हट्ट केला असता तर मी डोळे वटारले असते, पण ते नुसते गप्प बसले, आणि ते मला बघवलं नाही. मी टोमॅटो चिरला. मग दुसरा चिरला. उरलेलं औषध मीच सिंकमध्ये ओतलं.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आज दुसऱ्या कुणाला उभं करा." मी ऐकलं नाही. पडद्यावर आतडं उजळलं आणि उजव्या बाजूच्या वळणावर एक चपटा पॉलिप, अस्तरावर वाढलेली गाठ, दिसला. डॉक्टरांनी कळ दाबून प्रकाश निळा केला. या प्रकाशात पॉलिपवरची बारीक नक्षी आणि रक्तवाहिन्या उठून दिसतात. तो निरुपद्रवी आहे, तिथल्या तिथे काढता येईल, की आत मुरलाय आणि पोट उघडावं लागेल, हे त्यावरूनच समजतं. आम्हाला काहीच समजेना. वर सगळा लालसर राडा, आणि त्यात बिया. मी पाणी मारलं, डॉक्टरांनी ते दुर्बिणीच्या नळीतून ओढून घेतलं, तर एक बी नळीतच अडकली.

"बिया? सिस्टर, तुमच्या घरात?"

मी तोंड उघडलं, पण गुंगीतले बाबा आधी बोलले. "मीच खाल्ला... चोरून. ती झोपली होती. तिला बोलू नका."

"हवालदाराच्या घरात चोरी!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

"अंदाजाने मी कापणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात परत या. आणि काका, या वेळी शहाण्यासारखं वागा."

एका आठवड्याने काही बिघडत नाही, हे मी कितीतरी लोकांना छातीठोकपणे सांगितलंय. स्वतःला सांगता येईना. आत मुरला असेल तर? बाबांसमोर ताट ठेवून मी नुसती बसून राहायचे, आणि ते विचारायचे, "तू का जेवत नाहीस?"

दुसऱ्या वेळी त्यांनी सगळं औषध संपवलं आणि रिकामा ग्लास उलटा करून दाखवला. "बघ, हवालदार." काहीही मागितलं नाही, स्वयंपाकघराकडे नुसतं पाहिलंही नाही. मागितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

या खेपेला आतडं स्वच्छ होतं. निळ्या प्रकाशात नक्षी सरळ, सलग दिसली, कुठे तुटलेली नाही. डॉक्टरांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"वरवरचा आहे. काढून टाकतो. लॅबचा रिपोर्ट येईलच, पण मला काळजी वाटत नाही."

तारेचा फास आवळला गेला, पॉलिप निघाला. माझे डोळे भरून आले. जंतुनाशकाने झोंबतंय, असं मी सांगितलं.

बाबांना पडद्यामागच्या खाटेवर झोपवून मी बाहेर आले. उद्याच्या पेशंटची मुलगी सूचना घ्यायला आली होती. मी सुरू केलं, "वडील मागतील..."

"थोडंसं दिलं तर चालेल ना हो? त्यांची उपासमार बघवत नाही."

एरवी मी तिला फाडून खाल्लं असतं.

"नाही बघवत," मी म्हणाले. "मलाही बघवलं नाही. मी माझ्या वडिलांना टोमॅटो दिला. स्वतःच्या हाताने चिरून. त्यांनी चोरला नव्हता."

मागे दारात डॉक्टर हात पुसत उभे होते. त्यांचे हात थांबले.

मग पडद्यामागून गुंगीने जडावलेला आवाज आला, "तिचं ऐकू नका, डॉक्टर. मीच चोरला होता."